घराघरांतील दप्तरे धुंडाळणारा इतिहासाचार्य

घराण्याचा मूळपुरुष कोण, मूळ गाव कोणते, वतन कोणाच्या कारकिर्दीत मिळाले, या प्रश्नांची उत्तरे अनेक मराठी घरांत माळ्यावरच्या रुमालांत बांधलेली होती. त्यांना वाळवी लागत होती, काही रद्दीत जात होती. हे कागद म्हणजेच महाराष्ट्राचा इतिहास, हे ओळखून त्यांच्यासाठी आयुष्य वेचणारे संशोधक म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

१८६३ मध्ये जन्मलेल्या राजवाडे यांना तरुणपणीच पत्नीवियोग झाला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोकरीतही ते रमले नाहीत. वाई येथे मिळालेल्या पत्रव्यवहारातून पानिपतपूर्व काळाचे चित्र उभे राहिले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली.

कागद मिळवणे सोपे नव्हते. जुने दप्तर बाहेर गेले तर भाऊबंदांच्या हाती पुरावा लागेल, अशी धास्ती वतनदार घराण्यांना असे. कारण वंशावळींचा उगमच बहुधा वतनाच्या तंट्यांत होता. वादी आणि प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकिकत करिन्यात मांडत आणि गोतसभेच्या निर्णयाचा महजर होई. साहजिकच अशा कागदांत सोयीची पिढी घुसडलेलीही असे. म्हणून कागदाचा अस्सलपणा पारखणे अगत्याचे ठरते.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. उत्तर कोकणात येऊन वसलेल्या कुळांची माहिती देणारी 'महिकावतीची बखर' त्यांनीच संपादित केली. मात्र कुळ आणि जात यांविषयीची त्यांची काही मते वादग्रस्त ठरली. त्यांच्या कायस्थ प्रभूंविषयीच्या लेखनाला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये 'कोदंडाचा टणत्कार' या पुस्तकाने सडेतोड उत्तर दिले. पूर्वजांचा शोध वर्तमानातील मानापमानाला कसा भिडतो, हे या वादाने दाखवून दिले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. त्यांना आधार मिळाला तो वेळीच वाचवलेल्या अशाच कागदांचा. माळ्यावरचा रुमाल रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा सोडून पाहावा, हीच त्यांच्या कार्याची शिकवण आहे.