तुरुंगातला विद्यार्थी : माल्कम एक्स

आमच्या आळीतला एक मुलगा शिक्षा भोगून परत आला आहे. त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचे आहे. फॉर्म कसा भरायचा हे त्याने मला विचारले आणि मी उत्तर टाळले. त्याच आठवड्यात ग्रंथालयात माल्कम एक्सचे चरित्र माझ्या हाती आले.

१९ मे १९२५ रोजी अमेरिकेतील ओमाहा शहरी, एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी माल्कम लिटलचा जन्म झाला. तो सहा वर्षांचा असताना वडील ट्रामखाली सापडून वारले. पुढे आईला मनोरुग्णालयात ठेवले गेले आणि भावंडांची पांगापांग झाली. शाळेत तो हुशार होता. वकील व्हायची इच्छा त्याने शिक्षकांना सांगितली, तेव्हा त्यांनी काळ्या मुलाने सुतारकाम शिकावे असा सल्ला दिला. आठवीनंतर शाळा सुटली. मग वाईट संगत, चोऱ्या, आणि १९४६ मध्ये घरफोडीबद्दल ८ ते १० वर्षांची सजा.

तुरुंगात एका वाचनवेड्या कैद्याने त्याला ग्रंथालयाची वाट दाखवली. सावत्र बहीण एला हिच्या खटपटीने १९४८ मध्ये त्याची नॉरफोकच्या तुरुंगात बदली झाली. तिथे मोठे ग्रंथालय होते, वादविवाद होत. पण पुस्तकातले शब्दच अडू लागले. मग त्याने शब्दकोश घेतला आणि पहिल्या पानापासून तो वहीत उतरवायला सुरुवात केली. रात्री दहाला दिवे मालवले की बोळातून येणाऱ्या उजेडात तो वाचत बसे आणि पहारेकऱ्याची चाहूल लागताच अंथरुणात शिरे. इंग्रजीच्या तासाला शब्दाशब्दाला अडखळणाऱ्या मला हे वाचून लाज वाटली.

ऑगस्ट १९५२ मध्ये तो सुटला आणि कृष्णवर्णीयांचा पुढारी झाला. गोऱ्यांविषयीची त्याची आरंभीची जहाल मते मला पटत नाहीत. १९६४ मधील मक्केच्या यात्रेनंतर त्याने स्वतःच ती बदलली. त्याच वर्षी डिसेंबरात, कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस ऑक्सफर्डच्या वादसभेत बोलला. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला.

दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, स्वतः सजा भोगलेले प्राध्यापक जॉन आयर्विन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजात सुटलेल्या कैद्यांना प्रवेश मिळवून देण्याचे काम सुरू केले. माल्कमला अशी सोय लाभली नाही. त्याला लाभले ते एक कैदी आणि एक बहीण.

सोमवारी मी त्या मुलाला घेऊन शाळेच्या कचेरीत जाणार आहे.