लखनौची हाडे टिपणारा फेलिचे बियातो

१८५७ च्या उठावाची जी चित्रे आपण शाळेच्या पुस्तकांत पाहिली, ती बहुतेक कल्पनेने रेखाटलेली. त्या रणभूमीची प्रत्यक्ष छायाचित्रेही आहेत. अमेरिकेतील गेटी संग्रहालय आणि ब्राउन विद्यापीठ यांच्या ऑनलाइन संग्रहांत ती घरबसल्या मोठी करून पाहता येतात. त्यांतली सर्वांत गाजलेली ज्याने काढली, त्या फेलिचे बियातोची ही ओळख.

त्याचा जन्म १८३२ साली व्हेनिसमध्ये झाला. तो वाढला कॉर्फू बेटावर. हे बेट तेव्हा इंग्रजांच्या छत्राखाली होते, म्हणून हा इटालियन माणूस ब्रिटिश प्रजाजन ठरला. मेहुणे जेम्स रॉबर्टसन छायाचित्रकार होते. त्यांच्या सोबतीने त्याने क्रिमियाचे युद्ध टिपले आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्ता गाठले.

मार्चमध्ये लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले आणि बियातो तेथे पोहोचला. तेव्हाच्या कॅमेऱ्याला धावती लढाई टिपता येत नसे. काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, म्हणून उरत ते पडके वाडे, तोफांनी फुटलेल्या भिंती आणि मेलेली माणसे. सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे २००० शिपाई मारले गेले होते. बियातोच्या चित्रात त्या इमारतीपुढे हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. पण लढाईला तेव्हा काही महिने उलटले होते! त्या वेळी लखनौत असलेले इंग्रज अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल यांनी नंतर आठवणींत नोंदवले आहे की, प्रेते झाकली गेली होती आणि छायाचित्रकाराने हट्टाने ती पुन्हा उघडी करायला लावली. म्हणजे हाडे खरी, मांडणी कॅमेऱ्यासाठी. मेलेल्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नसणार, हे सांगायला नकोच.

बियातो लखनौत होता त्याच सुमारास, एप्रिलच्या आरंभी, झाशी पडली. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच होते. त्यांनी पाहिलेली लूट आणि कत्तल 'माझा प्रवास'मध्ये आली, ती छापून निघाली १९०७ साली. भटजींना लिहिताना गिऱ्हाईक दिसत नव्हते, बियातोची गिऱ्हाइके मात्र इंग्रज होती. त्याची चित्रे पाहताना हे विसरू नये.

१८६० मध्ये तो सैन्याबरोबर चीनला गेला. ताकूच्या किल्ल्यातही चित्र घेऊन होईपर्यंत प्रेते हलवू नयेत असा त्याचा आग्रह होता. पुढे वीसेक वर्षे जपानमध्ये योकोहामाला काढली. तेथली हाताने रंगवलेली चित्रे पाहिली की हाच का तो माणूस, असे वाटते. १८६६ च्या आगीत स्टुडिओ जळला, पुढे सट्ट्यात पैसाही गेला. मग सुदान आणि शेवटी ब्रह्मदेशातल्या मंडालेत छायाचित्रे व जुन्या नक्षीदार वस्तूंचे दुकान.

त्याच्या भावाचे नाव अँटोनियो. दोघांच्या नावांची सरमिसळ झाल्याने अभ्यासक बरीच वर्षे त्यांना एकच माणूस समजत होते. बियातो कुठे वारला हेही शंभर वर्षे ठाऊक नव्हते. मृत्यूचा दाखला २००९ मध्ये सापडला: फ्लॉरेन्स, २९ जानेवारी १९०९.

सिकंदरबागेच्या चित्रात हाडांच्या पलीकडे काही भारतीय माणसे आणि एक घोडा आहे. त्यांची नावे त्या चित्राखाली नाहीत.