फावडे हाती घेणारा शिष्य : पियेर सेरेसोल

पूर, भूकंप अशा प्रसंगी अन्य धर्मीयांच्या खांद्याला खांदा लावून काम केले तर आपली साक्ष पातळ होते काय, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वरचेवर निघतो. ज्यांच्या मनात तो घोळत असेल त्यांनी पियेर सेरेसोल या स्विस ख्रिस्ती गृहस्थांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

त्यांचा जन्म १८७९ साली लोझान येथे झाला. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झालेले, घर सुखवस्तू. पियेर इंजिनियर झाले. परंतु वारसाने आलेला पैसा त्यांनी सरकारला देऊन टाकला. पहिल्या महायुद्धात लष्करी कर नाकारून त्यांनी तुरुंगवास पत्करला.

१९२० साली व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात ते घरे उभारावयास गेले. सोबत्यांत जर्मनही होते. युद्धाच्या जखमा ओल्याच होत्या. जर्मन माणसे येथे नकोत असा सूर निघाला व काही महिन्यांत काम थांबले. १९२४ साली आल्प्समध्ये बर्फाचा कडा कोसळला, तेव्हा पियेर यांच्या मदतीस त्यांचे बंधू एर्नेस्ट आले. हे लष्करात कर्नल! दोघा भावांची मते विरुद्ध, पण फावडे एकच. १९२८ साली लिक्टेनस्टाइनमधील पूरग्रस्त शेते साफ करण्यास सातशेहून अधिक स्वयंसेवक जमले. आस्तिक, नास्तिक कोणालाही तेथे मज्जाव नव्हता.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला. सात हजारांवर माणसे मेली. जमीन फाटून वाळू व पाणी वर आले, शेते बुजली, सखल गावांना पुराचा धोका वाढला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सेरेसोल हिंदुस्थानात आले. मुजफ्फरपूर जिल्ह्यात पूरग्रस्त खेडी उंच जागी नव्याने वसवण्याचे काम त्यांनी युरोपीय सोबत्यांसह हाती घेतले. बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या साहाय्य समितीशी त्यांचा मेळ होता, आणि सरकारी अधिकाऱ्यांनाही त्यांनी दूर लोटले नाही. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती, कारण दोन्ही पक्ष एकमेकांकडे संशयाने पाहत. साहेबाने हुकूम सोडावा आणि मजुराने माती वाहावी, हीच तेव्हाची रीत. येथे साहेबच हिंदू गावकऱ्यांबरोबर माती खणत होता. वसलेल्या एका गावाचे नाव शांतिपूर पडले. मधूनमधून मायदेशी जात त्यांनी १९३७ पर्यंत हे काम चालवले.

या कामात त्यांनी कोणाला धर्मोपदेश केला नाही. हे ऐकून आमचे काही बांधव नाराज होतील. मतांगीकाराविषयीचे त्यांचे विचार आम्हांसही सर्वस्वी पटत नाहीत. १९३६ साली ते क्वेकर मंडळीत सामील झाले. पण चांगल्या शोमरोन्याने तरी जखमा बांधण्याआधी त्या वाटसरूचा धर्म विचारला होता काय? रविवार शाळेत हा दाखला शिकवताना शिक्षकांनी बिहारची ही हकिगत जरूर सांगावी. मुलांना ती लवकर समजते.

दुसऱ्या महायुद्धात शांतीचा निरोप घेऊन ते परवान्याशिवाय जर्मनीच्या हद्दीत शिरले व पुन्हा तुरुंगात गेले. प्रकृती ढासळली. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांना देवाज्ञा झाली. युद्ध संपून तेव्हा थोडेच महिने झाले होते, आणि युरोपातील पडकी गावे पुन्हा उभारावयास त्यांचे सोबती फावडी घेऊन निघाले होते.