कागदावरचा कारखाना

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांना चित्रे काढण्याची आणि यंत्रांशी खेळण्याची अधिक आवड होती. चित्रकार व्हावे म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण तेथे एक दुःखाची गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंगांमधील फरक ओळखता येत नव्हता. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

दुसरा एखादा तरुण निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला, की रंग नसले तरी रेषा आपल्याच आहेत. त्यांनी यंत्रांची रेखाटने काढण्याची कला शिकून घेतली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते हाच विषय शिकवू लागले. यंत्राचा प्रत्येक भाग मापात काढायचा आणि लोखंडाला हात लावण्यापूर्वी तो कागदावर पाहायचा, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली.

तेथे योग्यता असूनही त्यांना बढती मिळाली नाही. तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर कामाला लागले. प्रथम सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, असे त्या वेळी शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पण लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

एवढ्यात बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. यंत्रे न्यायची कोठे? या संकटात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. जमीन कसली, निवडुंगाचे रान! त्यात सापही पुष्कळ. १० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

या जागेत एक मोठा गुण होता. रेल्वे जवळ होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आत येणार, तयार नांगर बाहेर जाणार. कारखाना म्हणजे नुसत्या भिंती आणि यंत्रे नव्हेत. मालाला चालण्यासाठी त्यात वाट लागते. लोखंड भट्टीत वितळते, साच्यात ओतले जाते, घासले जाते, त्याला भोके पाडतात, भाग जोडतात, रंग देतात आणि मग माल कोठारात जातो. ही कामे याच क्रमाने शेजारी शेजारी असली, तर माल सरळ पुढे सरकतो. समजा, एक भाग उगाच १०० पावले लांब न्यावा लागला. दिवसाला असे ५० भाग असले, तर जाऊन येऊन १०,००० पावले वाया गेली!

म्हणून कारखाना उभारताना आधी जागेचा नकाशा काढतात. त्यावर मालाचा मार्ग रेषेने दाखवतात. रेषा वळसे घेऊ लागली किंवा स्वतःलाच ओलांडू लागली, की यंत्राची जागा बदलतात. कागदावर यंत्र हलवायला एक खोडरबर पुरते. जमिनीवर मात्र दहा माणसे लागतात. १९२१ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या पतिपत्नींनी कामाच्या पायऱ्या चिन्हांनी कागदावर मांडण्याची पद्धत अभियंत्यांपुढे ठेवली. आज जगभर अशा आकृत्या वापरतात.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर घडवले गेले. माणसांच्या बाबतीतही लक्ष्मणरावांची दृष्टी उदार होती. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी पहारेकऱ्याचे काम दिले. इतरांनी ज्यांना वाट नाकारली, त्यांना येथे वाट मिळाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली झाले. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे.

विद्यार्थ्यांनो, नकाशा आणि कारखाना हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. आपल्या शाळेचा एक नकाशा काढा. वर्गातून पाण्याच्या नळापर्यंत तुम्ही कसे जाता, ते रेषेने दाखवा. मधल्या सुट्टीत गर्दी कोठे आणि का होते, हे ती रेषाच तुम्हाला सांगेल. रंग हुकलेल्या एका तरुणाने रेषेचा हात धरला आणि उजाड माळावर हजारो हातांना काम मिळाले.