विश्लेषण : शार्कची शिकार खरी, पण पन्नास वर्षांपूर्वीच बंद पडलेली! ‘मॅन ऑफ ॲरन’ बनवणारे रॉबर्ट फ्लाहर्टी कोण होते?

निसर्ग किंवा मासेमारीवरचा माहितीपट पाहताना आपण एक गोष्ट मनाशी धरूनच चालतो. कॅमेऱ्यासमोर जे घडते आहे, ते कॅमेरा नसतानाही तसेच घडत असणार. पण ज्यांना माहितीपटाचे जनक म्हटले जाते, त्या रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्याच बाबतीत हे खरे नाही. आयर्लंडमधील मच्छीमारांवरचा त्यांचा ‘मॅन ऑफ ॲरन’ १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा मान त्याला मिळाला. आणि त्याच्या खरे-खोटेपणाचा वाद आजही मिटलेला नाही.

खाणी शोधणारा माणूस सिनेमात कसा आला?

फ्लाहर्टी यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, आयर्न माउंटन या खाणींच्या गावात झाला. वडिलांचे काम खनिजांचा शोध घेण्याचे. मुलगाही त्याच वाटेने गेला. १९१० पासून कॅनडातील रेल्वे उद्योजक विल्यम मॅकेन्झी यांच्यासाठी ते हडसन उपसागराच्या परिसरात लोहखनिज शोधत फिरले. तिथल्या बेल्चर द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाला आज त्यांचेच नाव आहे.

सोबत कॅमेरा नेण्याची कल्पना मॅकेन्झी यांची. १९१३ पासून त्यांनी स्थानिक इनुइट लोकांचे बरेच चित्रण केले. १९१६ मध्ये टोरांटोत त्याच फिल्मवर काम करताना त्यांच्या सिगारेटची ठिणगी पडली. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळपास स्फोटकच. सुमारे ३० हजार फूट निगेटिव्ह जळून गेली आणि फ्लाहर्टी स्वतःही भाजले.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. लोकरीच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीच्या पैशांवर बनलेला ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ मध्ये आला आणि जगभर गाजला. त्यातही जुळवाजुळव होतीच. नायकाचे खरे नाव अल्लाकारियल्लाक होते. आत प्रकाश यावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले होते. बंदुका वापरणाऱ्या शिकाऱ्यांना पडद्यावर भाले धरायला लावले होते.

ॲरन बेटांवर नेमके काय घडले?

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी ॲरनची तीन बेटे आहेत. झाडे जवळपास नाहीत, सगळीकडे चुनखडीचा उघडा कातळ. लोक समुद्रातले शेवाळ आणि वाळू कातळावर पसरून माती तयार करत आणि त्यात बटाटे लावत. फ्लाहर्टी पत्नी फ्रान्सिस यांच्यासह इनिशमोर या मोठ्या बेटावर राहिले आणि जवळपास दोन वर्षे चित्रण केले. फिल्म धुण्याची सोयही बेटावरच केली होती. दूरच्या लाटा जवळ आणणाऱ्या लांब पल्ल्याच्या लेन्स त्यांनी भरपूर वापरल्या. म्हणूनच पडद्यावर समुद्र माणसांच्या अंगावर कोसळताना दिसतो.

चित्रपटात बाप, आई आणि मुलगा असे एक कुटुंब आहे. प्रत्यक्षात कोलमन किंग, मॅगी डिरेन आणि मायकेल डिलेन यांचे आपसात काहीच नाते नव्हते. चेहरे कॅमेऱ्यात शोभतात म्हणून तिघांना एकत्र आणले होते.

मोठी अडचण शार्कच्या शिकारीची. बास्किंग शार्क हा व्हेल शार्कनंतरचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा. आपल्या बाजारात मिळणाऱ्या मुशीचा लांबचा नातेवाईक म्हणता येईल, पण हा दहा मीटरपर्यंत वाढतो. खाणे मात्र पाण्यातले सूक्ष्म जीव. माणसाला तो चावत नाही. एकेकाळी त्याच्या यकृतातले तेल काढून ॲरनची घरे दिवे लावत. रॉकेल आले आणि ही शिकार संपली. फ्लाहर्टी पोहोचले तेव्हा त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. हार्पून कसा फेकायचा, हेच बेटावर कुणाला ठाऊक नव्हते. ते लोकांना नव्याने शिकवावे लागले. पहिल्या हंगामात हवे तसे चित्रण मिळाले नाही, म्हणून पुढच्या हंगामाची वाट पाहिली गेली.

थोडक्यात, दोरीला हिसके देणारा शार्क खरा आहे, होडीतली माणसे खरी आहेत, पण तो काळ खरा नाही.

मग धोका तरी खरा होता का?

होय, आणि अस्वस्थ करणारी बाब हीच आहे. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून बनवलेल्या हलक्या होड्या घेऊन माणसे वादळी समुद्रात उतरली. एरवी अशा दिवशी कुणी होडी बाहेर काढली नसती. त्यातल्या बहुतेकांना पोहताही येत नव्हते. कुणी बुडाले नाही, हे नशीब. माणशी पाच पाउंड आणि थोडीशी दारू देऊन आपण या लोकांकडून जे करवून घेतले, त्यासाठी आपल्याला गोळीच घालायला हवी होती, अशी कबुली पुढे खुद्द फ्लाहर्टी यांनी दिली. अर्थात, मंदीच्या त्या दिवसांत चित्रणामुळे बेटावर रोख पैसा आला, हेही विसरता येत नाही.

टीका कशावर झाली?

जुनी शिकार पुन्हा घडवली यापेक्षा जास्त राग आला, तो जे दाखवलेच नाही त्याबद्दल. कातळावर माती तयार करणाऱ्या बाईचे कष्ट दिसतात, पण तिच्यावर ही वेळ का आली, ते दिसत नाही. दूर राहून खंड वसूल करणारे जमीनदार, घराबाहेर काढली गेलेली कुटुंबे, यातले काहीच चित्रपटात नाही. तिथे माणसाचा शत्रू एकच, समुद्र. ही टीका रास्तच आहे. पुढे १९७८ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज स्टोनी यांनी ॲरनवर परत जाऊन मूळ चित्रपट कसा बनला, यावरच माहितीपट केला.

भारताशी काय संबंध?

ॲरननंतर निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी फ्लाहर्टी यांना म्हैसूरला पाठवले. रुडयार्ड किपलिंग यांच्या कथेवरील ‘एलिफंट बॉय’साठी तिथल्या माहुताचा साबू नावाचा मुलगा निवडला गेला आणि पुढे तो हॉलीवूडचा तारा झाला. उरलेला भाग कोर्डा यांचे भाऊ झोल्टन यांनी इंग्लंडच्या स्टुडिओत पूर्ण केला. दोघांना मिळून १९३७ मध्ये व्हेनिसला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला.

अखेरचा मोठा चित्रपट ‘लुइझियाना स्टोरी’ १९४८ चा, एका तेल कंपनीच्या पैशांवर केलेला. २३ जुलै १९५१ रोजी व्हरमाँट येथे फ्लाहर्टी यांचे निधन झाले.

हरवलेली फिल्म कोणती?

‘मॅन ऑफ ॲरन’चे चित्रण मूक होते. आवाज भरण्यासाठी बेटावरच्या मंडळींना लंडनला नेले होते. तेवढ्यात आयर्लंड सरकारसाठी फ्लाहर्टी यांनी त्याच मंडळींना घेऊन आयरिश भाषेत एक छोटी फिल्म केली. स्टुडिओत उभ्या केलेल्या चुलीभोवती सगळे बसले आहेत आणि एक वृद्ध गोष्ट सांगतो आहे. आयरिश भाषेतली ही पहिली बोलती फिल्म अनेक दशके हरवल्याचे मानले जात होते. २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिची एक प्रत सापडली.