गाठीचे नाव शोधणारे डॉ. खानोलकर

मोठ्या आतड्यातील गाठ हाताला लागते, क्ष-किरण चित्रात तिची सावलीही दिसते. पण ती कशाची, हे तेवढ्यावरून ठरत नाही. लहान आणि मोठे आतडे जुळते तेथे क्षयाची गाठ हुबेहूब कर्करोगासारखी वाढते. अमीबाच्या जुनाट संसर्गानेही तशीच सूज येते. क्वचित लसिकापेशींचे अर्बुद किंवा कार्सिनॉइड निघते. प्रत्येकाचा उपचार निराळा. निदान चुकले, तर औषधाने बरा होणारा रुग्ण आतडे गमावतो, किंवा कर्करोग्याचे मोलाचे महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर वा परळची वाट धरणाऱ्या रुग्णाचे भवितव्य अखेर काचपट्टीवरच्या एका पातळ कापावर ठरते. तो काप वाचणारे विकृतिशास्त्र भारतात रुजवण्याचे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना दिले जाते.

खानोलकरांचा जन्म १८९५चा. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईत परतले आणि ग्रँट व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. त्या काळी हुशार विद्यार्थ्याची ओढ शस्त्रक्रियेकडे असे. प्रयोगशाळेला ना प्रतिष्ठा, ना पैसा. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

गाठीचे नाव सांगून ते थांबत नसत. ती याच माणसाला, याच जागी का झाली, हा त्यांचा पुढचा प्रश्न असे. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने त्वचेवर उद्भवणारा कर्करोग, ओठाआड खैनी धरणाऱ्यांचा कर्करोग यांची नोंद त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडली. तंबाखू आणि मुख-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरील त्यांचे व सहकाऱ्यांचे संशोधन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत मोठ्या आतड्याचा कर्करोग जितका आढळतो तितका भारतात नाही. त्यामागे आहार किती, राहणी किती, हा प्रश्नही याच वाटेवरचा. कुष्ठरोगात मज्जातंतूंना होणाऱ्या इजेचाही त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तेच पुढे टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले. पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद हे मान यथावकाश मिळाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो त्यानंतर, १९८१ मध्ये.