प्रवेश मिळण्याआधीची एलिझाबेथ

डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जाते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणारी पहिली स्त्री, २३ जानेवारी १८४९. शाळेत ही ओळ पाठ केल्याचे मला आठवते. डॉ. आनंदीबाई जोशी यांची कहाणी आपल्याकडे घराघरात ठाऊक असते. त्यामानाने ही बाई आपल्याला परकीच राहिली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकातले मला काही कळत नाही, जमाखर्च मात्र थोडाफार कळतो. म्हणूनच की काय, हे चरित्र वाचताना माझे मन पदवीपेक्षा पदवीच्या आधीच्या वर्षांतच गुंतून राहिले. त्या वर्षांत खर्च भरपूर दिसतो आणि जमेच्या बाजूला एकही प्रमाणपत्र नाही.

एलिझाबेथचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील सॅम्युएल ब्लॅकवेल यांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. साखरेचा धंदा म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. पण त्या काळी वेस्ट इंडीजमधील ऊस गुलामांच्या श्रमावर पिकत असे, आणि सॅम्युएल तर गुलामगिरीचे कट्टर विरोधक! घरातील मुलांनी निषेध म्हणून साखर खाणेच सोडले होते. या गृहस्थांनी मुलींनाही मुलांच्या बरोबरीने शिक्षण दिले. १८३२ साली हे कुटुंब अमेरिकेत आले. तेथे कारखाना जळाला, धंदा बसला, आणि १८३८ मध्ये सिनसिनाटी शहरी बिऱ्हाड हलविल्यावर थोड्याच आठवड्यांत वडील वारले. पाठीमागे पत्नी, नऊ मुले आणि जवळजवळ रिकामी तिजोरी. एलिझाबेथ तेव्हा सतरा वर्षांची होती. आई व मोठ्या मुलींनी राहत्या घरीच मुलींची शाळा काढली. शिक्षकी पेशा तिने आवडीने पत्करला नव्हता. पोटासाठी पत्करला होता.

तिला वैद्यकाचीही आवड नव्हती. उलट शरीर, आजार, औषधे यांची तिला शिसारी येई. शाळेत असताना शिक्षकांनी डोळ्याची रचना दाखविण्यासाठी बैलाचा डोळा आणला होता, तो पाहून तिला किती किळस आली हे तिने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही नोंदवून ठेवले आहे. तिला या वाटेवर आणले एका मरणपंथाला लागलेल्या मैत्रिणीने. त्या मैत्रिणीला स्त्रियांचाच एक दुर्धर आजार होता. उपचार करणारी बाई असती तर आपले निम्मे हाल वाचले असते, असे ती एलिझाबेथला सांगून गेली. हा विचार एलिझाबेथने प्रथम झटकून टाकला. तो मनातून जाईना, तेव्हा तिने ओळखीच्या डॉक्टरांना पत्रे लिहिली. उत्तरे साधारण एकाच सुराची आली: कल्पना चांगली आहे, पण बाईला कोणी प्रवेश देणार नाही आणि खर्चही फार येईल.

हा खर्च सुमारे ३,००० डॉलर धरलेला होता. त्याच सुमारास, १८४४ साली, तिला केंटकीतील हेंडरसन गावी शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. पगार वर्षाला ४०० डॉलर. मी कागदावर मांडून पाहिले. एक पैसाही न खाता-पिता साठवला असता तरी साडेसात वर्षे! त्यातही ही काही गुंतवणूक नव्हे. गुंतवणुकीत निदान माल कुठे मिळतो हे ठाऊक असते. इथे रक्कम साठवायची होती ती अमेरिकेत तोपर्यंत कोणी बाईला विकलीच नव्हती अशा वस्तूसाठी. हेंडरसनमध्ये ती फार काळ राहिली नाही. तेथील गुलामगिरी तिला पाहवेना.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टर कसे होत, हे येथे सांगितले पाहिजे. कॉलेजात जाण्याआधी पदवी लागत नसे. मुलगा एखाद्या डॉक्टराच्या हाताखाली राही, त्यांची पुस्तके वाची, त्यांच्याबरोबर रोगी पाही. मग सुमारे चार-चार महिन्यांची दोन व्याख्यानसत्रे. दुसऱ्या सत्रात बहुतेक पहिलीच व्याख्याने पुन्हा. म्हणजे खरी तयारी डॉक्टरांच्या घरी होई आणि मुलांना ते घर वडिलांच्या ओळखीने मिळे. एलिझाबेथला वडीलही नव्हते आणि मुलीला असे हाताखाली ठेवण्याची रीतही नव्हती. मग तिने दुसरी वाट काढली. डॉक्टरांच्या घरात ती शिरली संगीत शिक्षिका म्हणून.

जून १८४५ मध्ये भावांबरोबर घोडागाडीने अकरा दिवसांचा डोंगराळ प्रवास करून ती नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल येथे पोहोचली. तेथील शाळा चालविणारे रेव्हरंड जॉन डिक्सन हे पूर्वी डॉक्टर होते. दिवसा मुलींना पियानो शिकवायचा आणि उरलेल्या वेळात त्यांची वैद्यकाची पुस्तके वाचायची. एकदा सहज थट्टेने कोणीतरी तिला एक मेलेला भुंगा आणून दिला. तो शिंपल्यात ठेवून, केसातल्या आकड्याने दाबून धरून, शिंपल्याच्या मुठीच्या छोट्या चाकूने कापायला ती बसली. हात पुढे होईना. बऱ्याच वेळाने धीर करून तिने चिरा दिला, तर आत निघाली थोडीशी पिवळट पूड! हे तिचे पहिले शवविच्छेदन. पुढे मोठमोठ्या रुग्णालयांतले तिचे प्रसंग वाचले, पण माझ्या लक्षात राहिला तो हा भुंगाच. किळस गेली म्हणून ती बसली नव्हती. किळस असताना बसली होती.

ॲशव्हिलची शाळा बंद पडली. १८४६ च्या आरंभी ती चार्ल्स्टनला गेली. जॉन यांचे बंधू डॉ. सॅम्युएल डिक्सन तेथील वैद्यकीय कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाचन, शिवाय ग्रीक भाषेचा अभ्यास आणि पोटापाण्यासाठी मुलींच्या वसतिशाळेत पुन्हा संगीत. येथे एक नोंद लपवून चालणार नाही. ज्या घरांतून तिची फी येत होती ती घरे गुलामांच्या श्रमावर उभी होती. वडिलांनी ज्या साखरेचा व्यापार केला, तसाच हा पैसा. ॲशव्हिलला तिने गुलामांच्या मुलांसाठी रविवारची शाळा घेतली होती हे खरे, पण हिशेबाच्या दोन बाजू काही त्यामुळे जुळत नाहीत.

माझी धाकटी बहीण यंदा नीट परीक्षेला दुसऱ्यांदा बसते आहे. आमच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला एक प्रश्न हमखास विचारतो, की वर्ष वाया गेले का? एलिझाबेथचीही, या भाषेत बोलायचे तर, १८४५ ते १८४७ ही वर्षे वायाच गेली. फरक एवढाच की बहिणीला परीक्षेची तारीख ठाऊक असते. एलिझाबेथपुढे तारीख नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, जागांची संख्या तर नव्हतीच नव्हती.

१८४७ च्या उन्हाळ्यात साठविलेले पैसे घेऊन ती फिलाडेल्फियाला आली. अमेरिकेतील वैद्यकशिक्षणाचे हे मोठे केंद्र. तेथे डॉ. ॲलन यांच्या खासगी शाळेत तिने शरीररचनेचे धडे घेतले. त्यांनी पहिल्याच दिवशी मानवी मनगट पुढे ठेवले. त्यातील स्नायुबंधांची सुबक मांडणी पाहून ती हरखून गेली. बैलाच्या डोळ्याने ओकारी आलेली हीच ती मुलगी! कॉलेजांनी मात्र एकामागून एक नकार दिले. कोणी सुचविले, पुरुषाचा वेष घेऊन पॅरिसला जा. ते तिला मान्य नव्हते. शेवटी तिने उत्तरेकडील लहान गावांतील बारा कॉलेजांची यादी केली आणि त्यांना अर्ज पाठविले.

त्यांपैकी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा या गावच्या कॉलेजातून होकार आला. पत्राची तारीख २० ऑक्टोबर १८४७. झाले होते असे, की प्राध्यापकांना नकार द्यायचा होता, पण तो स्वतःच्या तोंडाने द्यायचा नव्हता. म्हणून त्यांनी प्रश्न विद्यार्थ्यांपुढे टाकला आणि अट घातली एकमताची. पोरांना वाटले, ही कोणीतरी केलेली थट्टा आहे. त्यांनी आरडाओरडा करीत एकमताने होकार भरला! ६ नोव्हेंबरच्या रात्री ती जिनिव्हाला पोहोचली आणि तिचे नाव १३० क्रमांकावर नोंदले गेले. प्रवेश चेष्टेने मिळाला असेल. वर्गात पहिली येऊन मिळालेली पदवी चेष्टेची नव्हती. त्यापूर्वी १८४८ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या धर्मादाय रुग्णालयात काम करून तिने टायफसवर प्रबंध लिहिला होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रसूतिगृहात एका बाळाचे दुखरे डोळे धुताना डॉ. ब्लॅकवेल यांना संसर्ग झाला, एक डोळा कायमचा गेला आणि शल्यचिकित्सक होण्याची आशा मावळली. १८५७ मध्ये त्यांनी धाकटी बहीण डॉ. एमिली आणि डॉ. मारी झाकशेव्स्का यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उघडले. याच एमिलीने अर्ज केला तेव्हा जिनिव्हाच्या कॉलेजाने तिला नाकारले होते. एकदा चुकून उघडलेले दार त्यांनी पुन्हा लावून घेतले. तिला क्लीव्हलँडहून १८५४ साली पदवी मिळाली. १८६९ मध्ये एलिझाबेथ इंग्लंडला परतल्या. १८७४ साली लंडनला स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय निघाले, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. डॉ. रखमाबाई शिकल्या त्या याच विद्यालयात. ३१ मे १९१० रोजी हेस्टिंग्ज येथे डॉ. ब्लॅकवेल यांचे निधन झाले.

इंग्लंडला जाण्याच्या आदल्या वर्षी, १८६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या रुग्णालयाला जोडून या दोघी बहिणींनी स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज सुरू केले होते. तेथे दोन सत्रांऐवजी तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला, आरोग्यशास्त्र हा वेगळा विषय ठेवला आणि प्रवेशासाठी परीक्षा ठेवली. १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय कॉलेज मुलींना घेऊ लागले होते, तेव्हा एमिलीने आपल्या विद्यार्थिनी तिकडे पाठविल्या आणि हे कॉलेज बंद केले.